क्लाउडमधील आभासी सर्व्हर आणि त्यांचे खासगी पत्ते

प्रस्तावना

बालाघाटच्या पत्त्यावर पत्र टाकावयाचे असेल तर शेवटी ४८१००१ हा पिन क्रमांक लिहावा लागतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या पद्धतीची आखणी संस्कृत कवी आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. या क्रमांकातील पहिला ४ हा आकडा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या सर्वांना समान आहे. ४८१ पर्यंत वाचले की पत्र बालाघाट, मंडला, दिंडोरी या पट्ट्यात येते आणि उरलेले तीन आकडे नेमके टपाल कार्यालय सांगतात. बालाघाटहून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या गोंदियाचा क्रमांक मात्र ४४१६०१ असा आहे. १९५६ पर्यंत ही दोन्ही गावे नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होती. पिन येईपर्यंत राज्ये वेगळी झाली होती, म्हणून पट्टेही वेगळे पडले.

पत्र महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत आणून देणे एवढेच पोस्टमनचे काम असते. आत 'खोली क्रमांक १२' कोठे आहे हे शिपायाला ठाऊक असते, पोस्टमनला ते ठाऊक असण्याची गरज नसते. 'खोली क्रमांक १२' प्रत्येक महाविद्यालयात असू शकते आणि त्यामुळे कोठेही घोटाळा होत नाही. संगणकाच्या जगात फाटकापर्यंतच्या पत्त्याला सार्वजनिक आयपी पत्ता म्हणतात, तर आतल्या खोली क्रमांकाला खासगी आयपी पत्ता. क्लाउडमध्ये घेतलेल्या आभासी सर्व्हरला हा खासगी पत्ता कसा मिळतो, तो कोणी ठरवावयाचा आणि तो ठरवताना शिक्षणसंस्थांकडून कोणत्या चुका होतात याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. संगणक विषय न शिकविणाऱ्या शिक्षकांनाही तो वाचता यावा, कारण ऑनलाइन प्रवेश, ग्रंथालय आणि परीक्षा यांच्या समितीवर अनेकदा तेच असतात.

'खासगी' या शब्दाविषयी

हा शब्द मराठीत फारसीतून आला. मराठेशाहीच्या कारभारात त्याला नेमका अर्थ होता. होळकरांकडे 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन हिशेब वेगळे ठेवले जात. दौलत राज्याची आणि खासगी घरची. खासगीचा हिशेब गुप्त असे असे मात्र नाही. तो ठेवणारे कारकून होते, त्याच्या सनदा होत्या, त्यातून घाट आणि मंदिरे बांधली गेली. 'खासगी' म्हणजे 'आपल्या घरापुरते', 'लपवलेले' नव्हे. हा भेद येथे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, खासगी आयपी पत्ता दिला म्हणजे सर्व्हर सुरक्षित झाला, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा कसा आहे हे पुढे येईलच.

तीन पट्टे कोठून आले

इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असतो आणि तो चार आकड्यांत लिहितात; प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधील. एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. पृथ्वीवरील माणसांपेक्षा हे कमी. १९९० नंतर हे पत्ते पुरणार नाहीत हे स्पष्ट होऊ लागले, तेव्हा काही पट्टे कोणाच्याही मालकीचे न ठेवता सर्वांच्या घरगुती वापरासाठी सोडावेत, असा प्रस्ताव मार्च १९९४ मध्ये आरएफसी १५९७ या दस्तऐवजाद्वारे पुढे आला. त्याच वर्षी जुलैमध्ये आरएफसी १६२७ या दस्तऐवजाने त्याला विरोध केला. पत्ता जगात एकमेव असणे हा इंटरनेटचा पाया आहे आणि तो मोडला तर उद्या दोन संस्था एकत्र आल्यावर त्यांचे पत्ते एकमेकांवर आदळतील, असे विरोधकांचे म्हणणे होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ प्रसिद्ध होऊन हा वाद मिटला. विरोध करणाऱ्यांपैकी एक असलेले इलियट लिअर या नव्या दस्तऐवजाच्या लेखकांत होते, ही बाब लक्षणीय आहे. विरोधकांची भीती मात्र खोटी नव्हती, आणि क्लाउडच्या काळात ती रोजच्या अनुभवाची झाली आहे.

सोडलेले पट्टे तीन. १०.०.०.० पासून १०.२५५.२५५.२५५ पर्यंत, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते; १७२.१६.०.० पासून १७२.३१.२५५.२५५ पर्यंत, म्हणजे १०,४८,५७६ पत्ते, आणि १९२.१६८.०.० पासून १९२.१६८.२५५.२५५ पर्यंत, म्हणजे ६५,५३६ पत्ते. यांपैकी मधल्या पट्ट्यात विद्यार्थी हमखास चुकतात. १७२ ने सुरू होणारे सर्वच पत्ते खासगी नसतात, १७२.३२ पासून पुढे दुसऱ्याचे घर सुरू होते.

पट्टा लिहिण्याची रीत पिनसारखीच आहे. १०.४०.०.०/१६ म्हणजे पहिले १६ बिट ठरलेले आणि उरलेले १६ मोकळे, म्हणून ६५,५३६ पत्ते. /२० म्हटले तर १२ बिट मोकळे, म्हणजे ४,०९६ पत्ते; /२४ म्हटले तर २५६ आणि /२८ म्हटले तर अवघे १६. तिरप्या रेघेनंतरचा आकडा वाढला की पट्टा लहान होतो, हे उलटे गणित एकदा फळ्यावर मांडल्याशिवाय पचनी पडत नाही.

सार्वजनिक पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. तेव्हापासून ते पत्ते जुन्या साठ्यांतून फिरतात आणि त्यांना किंमत आली आहे. ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक पत्त्यासाठी तासाला ०.००५ डॉलर आकारणे सुरू केले. वर्षाला हे सुमारे ४४ डॉलर होतात. दहा सर्व्हरना विनाकारण सार्वजनिक पत्ते देणाऱ्या संस्थेला हा भुर्दंड दरवर्षी बसतो. खासगी पत्त्याला असे भाडे नाही.

क्लाउड म्हणजे नेमकी कोणती जागा

क्लाउड हा शब्द ऐकून सर्व्हर कोठेतरी अधांतरी आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो एखाद्या शहरातील इमारतीत असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात तीन केंद्रविभाग सुरू केले. त्यांपैकी 'सेंट्रल इंडिया' हा विभाग पुण्यात आहे, 'साउथ इंडिया' चेन्नईत आणि 'वेस्ट इंडिया' मुंबईत. बालाघाटच्या माणसाने 'सेंट्रल इंडिया' हे नाव वाचून तो भोपाळ किंवा जबलपूरला असेल असे समजू नये. ॲमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये आणि हैदराबाद विभाग नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. गुगलचा मुंबई विभाग २०१७ मध्ये. शासकीय बाजूस राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची राष्ट्रीय डेटा केंद्रे दिल्ली, हैदराबाद, पुणे आणि भुवनेश्वर येथे आहेत आणि 'मेघराज' या नावाने केंद्र शासनाचा क्लाउड २०१४ पासून आहे. अनेक शासकीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत वापरली जाणारी ई-ग्रंथालय ही संगणक प्रणालीही याच केंद्राची. तिची चौथी आवृत्ती क्लाउडसाठीच तयार झाली.

या इमारतींत एका मोठ्या यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालतात. यंत्र एकच, पण त्यावर एका शेजारी एक असे दहा निरनिराळ्या ग्राहकांचे सर्व्हर असू शकतात. येथेच पहिला खरा प्रश्न उभा राहतो. समजा बालाघाटच्या महाविद्यालयाने आपल्या सर्व्हरला १०.०.०.५ हा पत्ता दिला आणि त्याच यंत्रावर सुरतेच्या एखाद्या व्यापाऱ्यानेही आपल्या सर्व्हरला १०.०.०.५ हाच पत्ता दिला. आता १०.०.०.५ साठी निघालेले पॅकेट कोणाकडे जाईल?

उत्तर टपालातच सापडते. रेल्वेने पत्रे सुटी पाठवली जात नसत. ती थैलीत भरून थैलीवर चिठ्ठी लावली जाई. थैलीची चिठ्ठी वाचणारा आतल्या पत्रावरचे नाव वाचत नसे. क्लाउडमध्ये हेच होते. महाविद्यालयाच्या सर्व्हरने पाठविलेले पॅकेट त्या यंत्रावरील व्यवस्था दुसऱ्या पाकिटात घालते. बाहेरच्या पाकिटावर खऱ्या यंत्राचा पत्ता आणि ग्राहकाच्या आभासी नेटवर्काचा क्रमांक असतो, तर आत खासगी पत्ता जसाचा तसा राहतो. पलीकडच्या यंत्रावर बाहेरचे पाकीट फाडले जाते आणि क्रमांकावरून पॅकेट योग्य ग्राहकाच्या हाती जाते. या तंत्राचा व्हीएक्सलॅन हा सर्वज्ञात प्रकार ऑगस्ट २०१४ मध्ये आरएफसी ७३४८ म्हणून प्रसिद्ध झाला. जुन्या व्हीलॅन पद्धतीत नेटवर्काच्या क्रमांकास १२ बिट होते, म्हणजे ४,०९६ क्रमांक. येथे २४ बिट आहेत, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख. एका डेटा केंद्रातील ग्राहकांना ४,०९६ क्रमांक पुरणे शक्यच नव्हते.

पत्ता मिळतो कसा

आधी ग्राहक आपले आभासी नेटवर्क आखतो व त्याला एक पट्टा देतो. त्या पट्ट्याचे तुकडे करतो. त्यांना सबनेट म्हणतात. सर्व्हर सुरू करताना तो कोणत्या सबनेटमध्ये राहणार हे सांगावे लागते. मग क्लाउडची व्यवस्था त्या सबनेटमधील एक मोकळा पत्ता त्या सर्व्हरच्या आभासी जाळेपट्टीवर, म्हणजे नेटवर्क कार्डावर, नोंदवते आणि सर्व्हर चालू होताना डीएचसीपी या ओळखीच्या पद्धतीने तो त्याला कळवते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत राउटर जे करतो तेच हे. फरक असा की येथे नोंदवही क्लाउडच्या हाती आहे.

या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे एक चूक वारंवार होते. प्रयोगशाळेत संगणकाच्या आत जाऊन हाताने पत्ता टाकण्याची सवय असलेले कर्मचारी क्लाउडमधील सर्व्हरच्या आत जाऊनही तेच करतात. नोंदवहीत एक पत्ता आणि सर्व्हरच्या आत दुसरा अशी स्थिती झाली की क्लाउड त्या सर्व्हरकडे पॅकेट पोहोचवीत नाही आणि सर्व्हरकडे जाण्याची वाटच बंद होते. ठरावीक पत्ता हवा असेल तर तो नोंदवहीत, म्हणजे क्लाउडच्या नियंत्रण पृष्ठावर राखून ठेवावा. सर्व्हरच्या आत डीएचसीपी तसेच राहू द्यावे.

ॲमेझॉनच्या व्यवस्थेत सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला तरी खासगी पत्ता तोच राहतो आणि सर्व्हर कायमचा काढून टाकल्यावरच सुटतो. आपोआप मिळालेला सार्वजनिक पत्ता मात्र सर्व्हर बंद करताच जातो. सुट्टीत खर्च वाचावा म्हणून सर्व्हर बंद केला आणि जूनमध्ये संकेतस्थळ सापडेना, ही तक्रार येथून येते.

सबनेटमधील सर्व पत्ते वापरता येत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. ॲमेझॉन प्रत्येक सबनेटमधील पहिले चार आणि शेवटचा एक असे पाच पत्ते स्वतःकडे ठेवते: पहिला नेटवर्काचा, दुसरा राउटरचा, तिसरा नावे शोधून देणाऱ्या डीएनएसचा, चौथा भविष्यासाठी आणि शेवटचा प्रसारणाचा. मायक्रोसॉफ्टही पाचच ठेवते, गुगल चार. म्हणजे /२४ मध्ये २५६ नव्हे तर २५१ सर्व्हर आणि /२८ मध्ये १६ नव्हे तर ११. पाठ्यपुस्तकात 'एकूणातून दोन वजा' हे सूत्र शिकवतात. ते चूक नाही, पण क्लाउडमध्ये ते सूत्र लावून आखणी केली की बारावा सर्व्हर सुरूच होत नाही.

एक आखणी

समजा एका शिक्षणसंस्थेचे बालाघाटला महाविद्यालय, वारासिवनीला शाळा आणि गोंदियाला अध्यापक विद्यालय आहे आणि तिघांची कामे हळूहळू क्लाउडवर न्यावयाची आहेत. पहिल्या दिवशी एकच सर्व्हर लागतो, म्हणून कोणी नियोजन करीत नाही. जे समोर येते ते स्वीकारले जाते. ॲमेझॉनचे तयार नेटवर्क प्रत्येक खात्यात १७२.३१.०.०/१६ असते. मायक्रोसॉफ्टचे पृष्ठ १०.०.०.०/१६ सुचवते. बालाघाटने एक खाते उघडले, गोंदियाने स्वतंत्र दुसरे उघडले, दोघांनी तयार नेटवर्क घेतले, आणि तीन वर्षांनी दोन्ही जोडून एकच ग्रंथालय सूची करावयाचे ठरले. ते जुळत नाही. एकमेकांवर पडणारे पट्टे असलेली दोन नेटवर्के थेट जोडण्यास या कंपन्या परवानगीच देत नाहीत. आरएफसी १६२७ च्या लेखकांनी १९९४ मध्ये सांगितलेली अडचण ती हीच. ॲमेझॉनमध्ये तर नेटवर्काचा मूळ पट्टा नंतर बदलता येत नाही, फक्त दुसरा जोडता येतो. सबनेटचा आकारही बदलता येत नाही. मग सर्व्हर नव्या घरी हलविणे हाच मार्ग राहतो आणि तो प्रवेशाच्या हंगामात परवडणारा नसतो.

त्याऐवजी संस्थेने आरंभीच १०.४०.०.०/१६ हा पट्टा आपला मानला, तर त्यात /२० चे सोळा तुकडे पडतात. १०.४०.०.०/२० बालाघाटला, १०.४०.१६.०/२० वारासिवनीला, १०.४०.३२.०/२० गोंदियाला. तेरा शिल्लक, उद्या लांजी किंवा कटंगीला शाळा निघाली तरी जागा आहे. बालाघाटच्या तुकड्यात पुन्हा १०.४०.०.०/२४ संकेतस्थळासाठी, १०.४०.१.०/२४ प्रवेश आणि ग्रंथालयाच्या प्रणालींसाठी, १०.४०.२.०/२४ माहितीसाठ्यासाठी. ऐसपैस वाटते, आणि तसेच असावे. खासगी पत्ते फुकट आहेत. येथे काटकसर करण्यात शहाणपण नाही.

४० हा आकडा का घेतला? विशेष कारण नाही. शून्य, एक आणि दहा हे सगळेच घेतात म्हणून ते टाळले, एवढेच. १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० हे तर मुळीच घेऊ नयेत, कारण घरोघरीचे वायफाय राउटर हेच पत्ते वापरतात. घरून व्हीपीएनने महाविद्यालयाच्या सर्व्हरवर येऊ पाहणाऱ्या शिक्षिकेचा संगणक १९२.१६८.१.२० हा पत्ता पाहिला की तो आपल्याच घरातला समजतो. पॅकेट दाराबाहेर पडतच नाही. सर्व्हर बंद आहे असे तिला वाटते आणि कार्यालयाला तर तो चालू दिसत असतो. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करणाऱ्यांपुढे असे प्रश्न उभे राहिले. डॉकर ही लोकप्रिय प्रणालीही आपल्या अंतर्गत वापरासाठी मुळात १७२.१७.०.०/१६ घेते, म्हणून तो पट्टाही वगळलेला बरा.

बाहेर जाणे, आत येणे

खासगी पत्ता असलेला सर्व्हर इंटरनेटवर आपण होऊन बोलू शकत नाही, कारण बाहेरचे राउटर ते पत्ते पुढे नेत नाहीत. परंतु त्याला सुरक्षाविषयक सुधारणा तर उतरवून घ्याव्याच लागतात. यासाठी नॅट नावाचा दुवा असतो. कार्यालयातील इंटरकॉमवरून ० फिरवून बाहेरची लाइन घेतली की पलीकडच्याला कार्यालयाचा एकच क्रमांक दिसतो, तसे हे आहे. आतून बाहेर फोन लागतो. बाहेरून थेट २७ क्रमांकाच्या टेबलावर लागत नाही. म्हणून सार्वजनिक पत्ता फक्त दर्शनी भागाला द्यावा आणि माहितीसाठा मागच्या सबनेटमध्ये ठेवावा.

असे न केल्याचा परिणाम जानेवारी २०१७ मध्ये जगाने पाहिला. मोंगोडीबी या प्रकारचे हजारो माहितीसाठे सार्वजनिक पत्त्यावर, परवलीच्या शब्दाशिवाय उघडे होते. चोरट्यांनी ते पुसून टाकले आणि परत देण्यासाठी खंडणी मागितली. एखाद्या महाविद्यालयाच्या साठ्यात विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीची बँक खाती असतात. त्यांतील बहुतेकांनी ती माहिती विश्वासाने नव्हे, नाइलाजाने दिलेली असते, कारण अर्ज त्याशिवाय पुढे सरकत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर त्याने टाकली आहे.

तथापि मागच्या खोलीत ठेवले म्हणजे झाले, असे नाही. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेने जाहीर केले की अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. क्लाउडमधील प्रत्येक सर्व्हरला १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर आपल्याविषयीची माहिती आणि तात्पुरत्या किल्ल्या मिळतात. हा पत्ता बाहेरून कोणालाही गाठता येत नाही. चोराने तो गाठलाच नाही. दर्शनी भागातील चुकीच्या मांडणीचा फायदा घेऊन त्याने आतल्या सर्व्हरलाच ती विचारणा करावयास लावली आणि किल्ल्या बाहेर मागवल्या. घरचाच माणूस दार उघडत असेल तर दार कोणत्या गल्लीत आहे याला अर्थ उरत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने त्या पत्त्यावरून माहिती देण्याची अधिक कडक पद्धत आणली. नवा सर्व्हर घेताना तीच सक्तीची करावी.

म्हणून पत्त्याबरोबर नियमही लिहावे लागतात. वरील आखणीत १०.४०.२.०/२४ मधील माहितीसाठ्याने फक्त १०.४०.१.०/२४ कडूनच, आणि मायएसक्यूएल असेल तर ३३०६ या एकाच दारावर बोलावे. इतर सर्वांना नकार. पट्टे नीट पाडलेले असले की असा नियम एका ओळीत लिहिता येतो. पत्ते कसेही वाटले असतील तर त्यासाठी वीस ओळी लागतात आणि विसाव्या ओळीत चूक राहते.

वर्गात शिकविताना

या विषयाला महागडी साधने लागत नाहीत. विद्यार्थ्यांना आपापल्या फोनच्या वायफाय मांडणीत जाऊन पत्ता वाचावयास सांगावे. निम्म्या वर्गाचा पत्ता १९२.१६८ ने सुरू झालेला निघतो आणि दोघांच्या घरी तंतोतंत एकच पत्ता असल्याचे आढळले की विषय आपोआप सुरू होतो. त्यानंतर वरील शिक्षणसंस्थेची आखणी कागदावर करावयास द्यावी आणि तिसऱ्या तासाला सांगावे की नागपूरची एक संस्था हिच्यात विलीन होत असून तिनेही १०.४०.०.०/१६ हाच पट्टा घेतला आहे.

ज्या संस्थेचे सर्व्हर आधीच क्लाउडवर आहेत, तिने एक साधी नोंदवही ठेवावी. पट्टा, सबनेट, सर्व्हरचे काम, पत्ता राखीव आहे की आपोआप मिळालेला, आणि तो कोणी, कोणत्या तारखेला दिला. प्रणालींमध्ये एकमेकींचा उल्लेख आकड्यांनी न करता नावाने करावा, म्हणजे सर्व्हर हलला तरी एकाच ठिकाणी बदल पुरतो. ही नोंदवही ठेकेदाराच्या संगणकात न राहता प्राचार्यांच्या कार्यालयात असावी, कारण ठेका बहुधा वर्षाचा असतो आणि माहितीसाठा मात्र पुढची पंधरा वर्षे गुणपत्रके पुरवीत राहतो.